‘इन्फर्मेशन्स’ पुन्हा पुन्हा का उगवते? काउंटेबल-अनकाउंटेबलची चूक आणि तिचा बंदोबस्त

तक्रार ठरलेली. अनकाउंटेबल, म्हणजे इंग्रजीत मोजता न येणाऱ्या, नामांची यादी पाठ आहे, झोपेतून उठवून विचारले तरी अ‍ॅडव्हाइस, इन्फर्मेशन, फर्निचर, लगेज, न्यूज असे घडाघडा सांगता येते, आणि तरीही सराव परीक्षेत त्याच जागी गुण जातात. आठवडाभर बरे चालते, मग निबंध लिहायला बसले की ‘मेनी इन्फर्मेशन्स’ परत हजर.

फोंडा, डिचोली, म्हापसा या बाजूला शिकवताना ही तक्रार सगळ्या प्रकारच्या मुलांकडून ऐकू येते. कुणी एसएससीच्या (कर्मचारी निवड आयोगाच्या) सीजीएल या पदवीधरांच्या भरती परीक्षेला बसणारा, कुणी राज्यातल्या भरतीची वाट पाहणारी, कुणी नर्सिंग करून परदेशी जाण्यासाठी आयेल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा देणारी, तर कुणी बोटीवर जायच्या आधी इंग्रजीची चाचणी द्यावी लागणारा हॉटेलातला पोरगा. घरात मराठी, बाजारात कोकणी, चौथीपर्यंत बहुतेकांची मराठी शाळा आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यम. रस्ता साधारण सारखाच, त्यामुळे चुकाही सारख्याच.

यावर सगळीकडे एकच औषध मिळते: आणखी मोठी यादी. ५० शब्दांनी भागले नाही तर १०० शब्दांची. माझा या उपायावर विश्वास नाही. यादीतला शब्द ओळखणे हे एक काम आणि वाक्य लिहिता लिहिता तो नीट वापरणे हे दुसरे. परीक्षा तपासते ते दुसरे. शिवाय यादीतले सगळे शब्द एकाच कारणाने चुकत नाहीत. काही चुका मराठीतून येतात, काही शाळेत शिकलेल्या नियमातून, काही रोज कानावर पडणाऱ्या इंग्रजीतून. आपली चूक यातल्या कुठल्या वाटेने आली हे कळल्याशिवाय ती जात नाही, म्हणून आधी तेवढे तपासू.

मराठीतून आलेली चूक

मराठीतही मोजता येणारी आणि न येणारी नामे आहेतच. पाणी, दूध, मीठ, साखर यांचे अनेकवचन आपण करत नाही, इंग्रजीही करत नाही, म्हणून ‘वॉटर्स’ किंवा ‘सॉल्ट्स’ असे लिहिणारा मुलगा क्वचित भेटतो. अडचण तिथे येते, जिथे दोन भाषांची सीमारेषा वेगळ्या जागी पडली आहे.

बातमी मोजता येते, बातम्या होतात. इंग्रजीतले न्यूज शेवटी ‘एस’ लावूनही एकवचनी. त्यामुळे ‘द न्यूज आर गुड’ हे वाक्य मराठी डोक्याला दोन्हीकडून बरोबर वाटते: अर्थ बातम्यांचा, आणि वर ‘एस’ दिसतोय. सल्ल्याचे सल्ले होतात, पुराव्याचे पुरावे, दागिन्याचे दागिने, कामाची कामे. म्हणून अ‍ॅडव्हाइसेस, एव्हिडन्सेस, ज्वेलरीज, वर्क्स. पैसे तर मराठीत बहुवचनीच, ‘पैसे संपले’, म्हणून ‘मनी आर फिनिश्ड’. तांदळाचेही तसेच. आपण ‘तांदूळ महागले’ म्हणतो, शिजल्यावर मात्र ‘भात झाला’. इंग्रजीला या दोन्हींसाठी राइस हा एकच शब्द आणि तो कायम एकवचनी. ‘केस पांढरे झाले’ यातून ‘माय हेअर्स आर ग्रे’ येते, पण इंग्रजीत डोक्यावरचे सगळे केस मिळून एक वस्तू: ‘माय हेअर इज ग्रे’.

गोव्यात यात पावाची भर पडते. सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीचा भोंपू वाजला की आपण ‘चार उंडे दे’ म्हणतो. उंडे मोजतात, पाव मोजतात, पोळ्या मोजतात. मग मुलाने ‘आय बॉट फोर ब्रेड्स’ लिहिले तर नवल काय? ब्रेड हे इंग्रजीत द्रव्याचे नाव आहे, वस्तूचे नाही. मोजायचे असेल तर वस्तूचे नाव घ्यावे लागते: ‘फोर ब्रेड रोल्स’, ‘टू लोव्ह्ज ऑफ ब्रेड’, ‘थ्री स्लाइसेस ऑफ ब्रेड’. साबण आणि खडू यांचीही तीच गत. ‘टू सोप्स’ऐवजी ‘टू बार्स ऑफ सोप’, आणि फळ्यावर लिहायला ‘अ चॉक’ऐवजी ‘अ पीस ऑफ चॉक’.

या गटातल्या शब्दांसाठी एक गोष्ट करा. वहीत मराठी शब्द त्याच्या अनेकवचनासह लिहा आणि समोर इंग्रजी वाक्य क्रियापदासह लिहा. ‘बातम्या: द न्यूज इज’, ‘पैसे: द मनी इज’, ‘पुरावे: द एव्हिडन्स इज’. नुसता शब्द लिहिला तर फायदा नाही. ‘इज’ सोबत हवाच. मराठी अनेकवचन आणि इंग्रजी एकवचन एका ओळीत आले की ठेच कुठे लागते ते डोळ्यांना दिसते. हा गट फार मोठा नाही. मुलांच्या उत्तरपत्रिकांतून मला पुन्हा पुन्हा दिसतात ते डझनभर शब्द, आणि त्यातले बरेच वर येऊन गेले.

मराठीचा काही दोष नसलेली चूक

आता इन्फर्मेशनकडे पाहा. ‘माहिती’चे अनेकवचन आपण करतो का? ‘दोन माहित्या मिळाल्या’ असे कुणी बोलत नाही. सामान, फर्निचर, प्रगती, संशोधन, वाहतूक, ज्ञान, यातले एकही आपण मोजत नाही. ‘खूप सामान आहे’ म्हणतो, ‘खूप सामाने आहेत’ नाही. मराठी कान इथे शंभर टक्के बरोबर आहे. तरीही याच शब्दांना मुले ‘एस’ लावतात, आणि शिक्षक सांगतात की मराठीत विचार करू नका. उलटे आहे. इथे मराठीत विचार केला असता तर चूक झालीच नसती.

ही चूक येते ‘मेनी’मधून. मराठीत ‘किती’ पाण्यालाही चालते आणि माणसांनाही. ‘खूप’, ‘पुष्कळ’, ‘भरपूर’, ‘कमी’ यांनाही पुढचे नाम मोजायचे की मापायचे याच्याशी देणेघेणे नाही. इंग्रजीत मात्र हे शब्द दोन घरांत वाटले गेलेत. मुलाच्या मनात ‘खूप माहिती’ येते, ‘खूप’साठी हाताशी असतो ‘मेनी’, आणि ‘मेनी’ आला की पुढे ‘एस’ लावायचा हे पाचवीपासून इतके घोटलेले असते की हात थांबत नाही. म्हणजे ‘एस’ बिचारा नियमाप्रमाणेच आला. गडबड एक शब्द आधी झाली होती.

म्हणून ‘इन्फर्मेशनला एस लावू नको’ हे शंभरदा लिहून उपयोग नाही. नामाआधीचा शब्द सुधारा. मच, लिटल, लेस, ‘अ ग्रेट डील ऑफ’, ‘अ लार्ज अमाउंट ऑफ’ हे अनकाउंटेबलचे सोबती. मेनी, फ्यू, फ्युअर, सेव्हरल, ‘अ लार्ज नंबर ऑफ’ हे काउंटेबल अनेकवचनाचे. ईच, एव्हरी, अनदर आणि ‘अ’ हे काउंटेबल एकवचनाचे. सम, एनी, ‘अ लॉट ऑफ’, ‘प्लेंटी ऑफ’ दोन्हीकडे चालतात. लिहिताना शंका आली तर या शेवटच्या चारांतला एक घ्या आणि पुढे जा. परीक्षेत अडून बसण्यापेक्षा ते बरे.

यातला ‘अनदर’ हा छुपा चोर आहे. ‘मेनी अ‍ॅडव्हाइसेस’ आता बरीच मुले टाळतात, पण ‘अनदर इन्फर्मेशन’, ‘एव्हरी फर्निचर’, ‘दीज इक्विपमेंट’ बिनधास्त लिहितात, कारण नामाला ‘एस’ नाही म्हणजे सगळे ठीक असे त्यांना वाटते. हवे ते असे: ‘सम मोअर इन्फर्मेशन’, ‘एव्हरी पीस ऑफ फर्निचर’, ‘धिस इक्विपमेंट’.

‘अ’चाही एक जुना खटका आहे. पावसाळ्यात हमखास सापडणारे वाक्य: ‘व्हॉट अ बॅड वेदर!’ वेदर अनकाउंटेबल, म्हणून ‘व्हॉट बॅड वेदर!’ एवढेच. ‘व्हॉट अ स्टॉर्म’ चालेल, कारण वादळ मोजता येते.

कानावरून आलेली चूक

तिसरी वाट गोव्यात जरा जास्तच रुंद आहे. हॉटेल, टॅक्सी, दुकान, कार्यालय, सगळीकडे इंग्रजी कानावर पडते आणि त्यात ‘स्टेशनरीज’, ‘इक्विपमेंट्स’, ‘फीडबॅक्स’, ‘टू स्टाफ्स आर अ‍ॅबसेंट’, ‘ब्यूटिफुल सीनरीज’ असे शब्द खुशाल फिरतात. बोलताना कुणाचे काही अडत नाही. प्रश्नपत्रिकेत मात्र हे सगळे चूक धरतात. हॉटेलात काम करून संध्याकाळी अभ्यास करणाऱ्या मुलांना हे पटवणे सगळ्यात अवघड जाते, कारण दिवसभर वरिष्ठांच्या तोंडून तेच ऐकलेले असते.

यांना सरळ पर्यायी शब्द द्यावा. ‘टू मेंबर्स ऑफ स्टाफ’ किंवा ‘टू एम्प्लॉइज’. ‘सीनरीज’ऐवजी ‘व्ह्यूज’. ‘अ टू-डे ट्रेनिंग’ऐवजी ‘अ टू-डे ट्रेनिंग कोर्स’. ‘फीडबॅक्स’ऐवजी ‘कॉमेंट्स’. अनकाउंटेबलच्या शेजारी जवळपास त्याच अर्थाचा एक काउंटेबल बहुतेक वेळा मिळतोच: वर्कला जॉब किंवा टास्क, लगेजला बॅग, ट्रॅव्हलला ट्रिप, अ‍ॅडव्हाइसला सजेशन, होमवर्कला असाइनमेंट, मनीला कॉइन किंवा नोट. ‘अ पीस ऑफ’ सगळीकडे चिकटवत बसण्यापेक्षा ही जोडी जास्त उपयोगी. लेखनात ‘अ पीस ऑफ’ चार वेळा आले की वाचणाऱ्यालाही कळते की हा पाठांतराचा मामला आहे.

एक प्रश्न वर्गात नेहमी येतो आणि तो रास्त आहे: वर्क अनकाउंटेबल, तर पब्लिक वर्क्स डिपार्टमेंटची पाटी चुकली का? चुकली नाही. तिथे वर्क्स म्हणजे बांधकामे. कलाकृतींनाही ‘वर्क्स ऑफ आर्ट’ म्हणतात. आपण करतो ते काम मात्र वर्कच: ‘आय हॅव अ लॉट ऑफ वर्क’. डॅमेजेस म्हणजे कोर्टाने द्यायला लावलेली भरपाई. पावसाने झालेले नुकसान म्हणजे डॅमेज. समुद्राच्या एखाद्या भागाला वॉटर्स म्हणतात, म्हणून ‘फिशिंग इन गोअन वॉटर्स’ हे वाक्य पेपरात दिसले तर लगेच लाल रेघ मारू नका.

दोन्ही घरांत राहणारी नामे

यादीचे खरे पितळ इथे उघडे पडते, कारण यादी प्रत्येक शब्दाला एकाच खणात टाकते. इंग्रजीत पुष्कळ नामे अर्थाप्रमाणे घर बदलतात. शिकायचे असते ते शब्दाचे घर नाही, त्या वाक्यातला अर्थ.

पेपर घ्या. लिहायचा कागद अनकाउंटेबल: ‘गिव्ह मी सम पेपर’, ‘टू शीट्स ऑफ पेपर’. वर्तमानपत्र, प्रश्नपत्रिका किंवा कागदपत्र या अर्थी काउंटेबल: ‘आय रीड टू पेपर्स एव्हरी मॉर्निंग’, ‘माय पेपर्स आर विथ द मामलेदार’. एक्सपिरियन्स म्हणजे कामाचा अनुभव असेल तर अनकाउंटेबल, ‘शी हॅज टेन इयर्स ऑफ एक्सपिरियन्स’. आयुष्यात घडलेला प्रसंग असेल तर काउंटेबल, ‘इट वॉज अ स्ट्रेंज एक्सपिरियन्स’. मराठीत दोन्हीला अनुभवच, म्हणून नोकरीच्या अर्जात ‘आय हॅव मेनी एक्सपिरियन्सेस इन हॉटेल’ उतरते आणि वाचणाऱ्याला वाटते की याला हॉटेलात बरेच काय काय भोगावे लागलेले दिसते. टाइम म्हणजे वेळ अनकाउंटेबल, टाइम्स म्हणजे खेपा काउंटेबल. रूम म्हणजे खोली काउंटेबल, पण ‘देअर इज नो रूम इन द बस’ म्हटले तर जागा, ती अनकाउंटेबल. ग्लास म्हणजे पेला की काच, आयर्न म्हणजे इस्त्री की लोखंड, लाइट म्हणजे दिवा की उजेड, या सगळ्यांना तीच किल्ली लागते: सुटी वस्तू असेल तर मोजा, द्रव्य असेल तर मोजू नका. केसाचेसुद्धा तसेच. सुटा केस मोजता येतो. जेवणात सापडला तर तो ‘अ हेअर’.

खाण्याच्या बाबतीत हे जास्त स्पष्ट होते. चिकन म्हणजे ताटातले मांस, अनकाउंटेबल. ‘अ चिकन’ म्हणजे अख्खी कोंबडी. ‘आय एट अ चिकन’ हे व्याकरणाने बरोबर आहे, अर्थ मात्र भलताच दांडगा. फिशचे अनेकवचनही सहसा फिशच, त्यामुळे ‘टेन फिश’ बघून दचकू नका. प्रॉन्स मात्र मोजतात. पेयांत ऑर्डर देताना ‘टू कॉफीज’ चालते, कारण तिथे दोन कप अभिप्रेत आहेत.

नॉलेजलाही एक अपवाद आहे आणि तो परीक्षेत विचारतात. अनेकवचन कधीच होत नाही, पण विशेषण लागले की ‘अ’ येऊ शकतो: ‘शी हॅज अ गुड नॉलेज ऑफ पोर्तुगीज’. हे बरोबर आहे.

शंका आली की लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा शब्दकोश, उघडा. अशा शब्दकोशात प्रत्येक अर्थापुढे ‘सी’ (काउंटेबल) किंवा ‘यू’ (अनकाउंटेबल) लिहिलेले असते, शब्दापुढे नव्हे, अर्थापुढे. इंग्रजी-मराठी कोशात ही खूण सहसा नसते, म्हणून या कामाला तो पुरत नाही.

यादी पाठ झाल्यावर सुरू होणारे नवे दुखणे

अनकाउंटेबलची धास्ती बसली की मुले सगळीकडचाच ‘एस’ काढू लागतात. ‘मेनी टुरिस्ट कम टु गोवा’, ‘देअर आर सेव्हरल बीच’. हे जुन्या चुकीपेक्षा वाईट. याच्याच जोडीला दुसरी गळती आहे, जिच्याकडे फारसे कुणी पाहत नाही: काउंटेबल एकवचन उघडे सोडणे. मराठीत ‘मी पुस्तक वाचतो’, ‘त्याने गाडी घेतली’ म्हणताना आधी काही लागत नाही. इंग्रजीत काउंटेबल एकवचनी नाम एकटे उभे राहत नाही. ‘अ’, ‘द’, ‘माय’, ‘धिस’, काहीतरी आधी हवेच. ‘ही बॉट कार’, ‘आय वॉन्ट टु बाय हाऊस इन पेडणे’ अशा चुका मी तपासतो त्या निबंधांत ‘इन्फर्मेशन्स’पेक्षा कितीतरी जास्त असतात. गुण तिथूनच गळतात आणि मुले यादीच घोकत बसतात.

एक नमुना घेऊ. हॉटेलला तक्रारीचे पत्र लिहा, असा प्रश्न आयेल्ट्सच्या जनरल ट्रेनिंगमध्ये येण्यासारखा. मुलांच्या नेहमीच्या चुका एकत्र करून मी हा परिच्छेद वर्गासाठी बनवला आहे:

‘द रूम हॅड ओल्ड फर्निचर्स. रिसेप्शनिस्ट गेव्ह अस राँग इन्फर्मेशन्स अबाउट बस. अवर लगेजेस वेअर केप्ट आउटसाइड अँड दे गॉट वेट. आय लॉस्ट मेनी इम्पॉर्टंट पेपर्स.’

बहुतेक जण तीन ‘एस’ उडवतात आणि पेन ठेवतात. मग वाक्य राहते ‘अवर लगेज वेअर केप्ट आउटसाइड अँड दे गॉट वेट’. नाम सुधारले, पण त्याच्यामागचे क्रियापद आणि सर्वनाम अजून अनेकवचनातच. हवे ‘अवर लगेज वॉज केप्ट आउटसाइड अँड इट गॉट वेट’. दुसरीकडे ‘रिसेप्शनिस्ट’ आणि ‘बस’ उघडेच. त्यांना ‘द’ हवा. आणि शेवटच्या वाक्यातला ‘पेपर्स’? तो बरोबर आहे, कागदपत्रे हरवली आहेत. उत्साहाच्या भरात त्याचाही ‘एस’ काढणारे प्रत्येक तुकडीत निघतात.

यावरून तपासायची पद्धत ठरते. नाम सापडले की त्याच्या दोन्ही बाजूंना पाहा: आधी काय आहे, पुढे क्रियापद कोणते, आणि पुढच्या वाक्यात त्याला ‘इट’ म्हटले की ‘दे’. आयेल्ट्सच्या लेखनात व्याकरणाला एक चतुर्थांश वजन आहे. संगणकावर परीक्षा दिली तरी तिथे स्पेलचेक नसतो. आणि असता तरी ‘वर्क्स’, ‘पेपर्स’, ‘एक्सपिरियन्सेस’ हे अस्सल शब्द असल्याने त्याने त्यांना हात लावला नसता.

चूक शोधा प्रकारचे प्रश्न

सीजीएलच्या पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे २५ प्रश्न, प्रत्येकी २ गुण, चुकले की ०.५० वजा. हे वाक्य पाहा:

‘द फर्निचर इन ऑल द रूम्स ऑफ द ओल्ड हॉटेल / वेअर रिप्लेस्ड / बिफोर द टुरिस्ट सीझन बिगॅन / नो एरर’

यादीवाला विद्यार्थी ‘फर्निचर्स’ शोधतो, ते सापडत नाही, मग ‘नो एरर’. प्रश्न काढणाऱ्याने नाम मुद्दाम बरोबर ठेवले आहे आणि क्रियापदाच्या अलीकडे ‘रूम्स’ आणून ठेवले आहे. ‘वेअर’ रूम्सकडे बघून लिहिलेले, कर्ता मात्र फर्निचर. म्हणून ‘वॉज’. असल्या प्रश्नात ‘इन’, ‘ऑफ’, ‘विथ’ यांच्यापुढचा मजकूर हाताने झाका आणि उरलेले वाक्य वाचा.

आणखी तीन सापळे ठरलेले. ‘अ नंबर ऑफ’ असेल तर अनेकवचन, ‘द नंबर ऑफ’ असेल तर एकवचन: ‘अ नंबर ऑफ बोट्स आर’, ‘द नंबर ऑफ बोट्स इज’. टक्के आणि अपूर्णांक आले तर क्रियापद पुढच्या नामाकडे पाहते: ‘फोर्टी पर्सेंट ऑफ द लँड इज’, ‘फोर्टी पर्सेंट ऑफ द स्टुडंट्स आर’. आणि रक्कम, अंतर, वेळ यांचा एक ठोक आकडा एकवचनी: ‘फिफ्टी रुपीज इज इनफ फॉर द बस’.

लेस आणि फ्युअरचा वाद जुना आहे. मोजता येणाऱ्या नामांना फ्युअर बरा, असे रॉबर्ट बेकर नावाच्या इंग्रज लेखकाने १७७० मध्ये आपली पसंती म्हणून सुचवले होते. पुढे त्याचा नियम झाला. बोलण्यात इंग्रज स्वतःही ‘लेस’ सर्रास वापरतात. आपल्याला गुण हवेत, म्हणून ‘फ्युअर टुरिस्ट्स, लेस ट्रॅफिक’. फक्त ‘लेस दॅन टेन मिनिट्स’, ‘लेस दॅन फाइव्ह किलोमीटर्स’ यात लेसच ठेवा, कारण तिथे एकूण वेळ आणि एकूण अंतर मापले जाते. आलेखाचे वर्णन लिहिताना याचाच भाऊ भेटतो: माणसे, वाहने, घरे यांचा ‘नंबर’, कचरा, वीज, पाणी यांचा ‘अमाउंट’. ‘द अमाउंट ऑफ टुरिस्ट्स’ लिहिले की वाचणारा थबकतो.

आयेल्ट्सच्या लिसनिंगमध्ये रिकामी जागा भरताना ‘एस’ सुटला तर तो गुण गेला. म्हणून ध्वनिमुद्रण सुरू व्हायच्या आधी मिळणाऱ्या वेळात जागेच्या आजूबाजूचे शब्द पाहा. आधी ‘अ’ असेल तर एकवचन. ‘सेव्हरल’ किंवा ‘मेनी’ असेल, नाहीतर पुढे ‘आर’ असेल, तर अनेकवचन. ‘सम’ काहीच सांगत नाही, तिथे कानावरच भिस्त.

जोडीच्या वस्तू लवकर आटपू: सिझर्स, ट्राउझर्स, स्पेक्टॅकल्स कायम अनेकवचनी. कात्री मराठीत एकच, म्हणून ‘अ सिझर’ लिहिले जाते. ‘अ पेअर ऑफ सिझर्स’ लिहा. पोलीस आणि कॅटल यांना ‘एस’ नाही, पण क्रियापद ‘आर’.

वही कशी ठेवायची

चुकलेले प्रत्येक वाक्य पूर्ण उतरवा आणि शेजारी एकच अक्षर लिहा: मराठीतून आली असेल तर ‘म’, नियमातून आली असेल तर ‘नि’, कानावरून आली असेल तर ‘का’. उघडे एकवचन असेल तर ‘उ’. पंधरवड्याने कोणते अक्षर जास्त आहे ते मोजा. ‘म’ जास्त असेल तर मराठी अनेकवचन आणि इंग्रजी क्रियापद यांच्या ओळी वाढवा. ‘नि’ जास्त असेल तर नामे सोडा आणि मच-मेनीच्या घरांवर बसा. ‘का’ असेल तर पर्यायी शब्दांच्या जोड्या. ‘उ’ जास्त असेल, आणि पुष्कळांच्या वहीत तोच जास्त निघतो, तर अनकाउंटेबलची यादी महिनाभर कपाटात ठेवून द्या आणि लिहिलेल्या प्रत्येक काउंटेबल एकवचनाआधी काय आहे एवढेच बघत चला.

सरावाला पाच वाक्ये. उत्तरे खाली आहेत, झाकून सोडवा.

१. ‘द न्यूज अबाउट द फेरी टाइमिंग्स वेअर नॉट करेक्ट.’
२. ‘वी नीड अनदर लगेज फॉर द बुक्स.’
३. ‘द नंबर ऑफ टॅक्सीज अ‍ॅट मोपा हॅव इन्क्रीज्ड.’
४. ‘शी गेव्ह मी अ‍ॅडव्हाइस अँड लेंट मी पेन.’
५. ‘टेन किलोमीटर्स इज अ लाँग वे टु वॉक विथ हेवी लगेज.’

पहिल्यात ‘वॉज’ हवे, ‘टाइमिंग्स’ने फसवले. दुसऱ्यात ‘अनदर बॅग’. तिसऱ्यात ‘हॅज’, कारण वाढला आहे तो आकडा. चौथ्यात ‘अ‍ॅडव्हाइस’ला काही लागत नाही, पण ‘पेन’ उघडे आहे: ‘अ पेन’. पाचव्यात चूक नाही. दहा किलोमीटर हे एकच अंतर, आणि लगेजला ना ‘अ’ लागला ना ‘एस’.